रणगाड्याची गरारी

रविवार, ४ जानेवारी २०२६
पांढुर्णा

मागची नोंद ९ ऑक्टोबरची आहे. जवळजवळ तीन महिने मी ही वही उघडली नाही, याबद्दल स्वतःचीच माफी मागतो. वेळ नव्हता असं लिहिणं खोटं होईल. १४ ऑक्टोबरला लोधीखेड्याच्या शेडमध्ये, मी बसवलेल्या संत्र्याच्या ग्रेडिंग मशीनच्या साखळीत तिथं काम करणाऱ्या लीलाबाईंची दोन बोटं पेरापासून गेली. साखळीवर पत्र्याचं झाकण हवं होतं. ते मी 'पुढच्या खेपेला आणतो' म्हणून वर्कशॉपमध्येच ठेवलं होतं. सगळे म्हणाले, बाईचं लक्ष नव्हतं. लीलाबाई स्वतःही तेच म्हणाल्या. मी मान हलवली. मान हलवली हे लिहायला तीन महिने लागले.

आता नव्या कामाविषयी. माझी लेक प्रणाली तिसरीत आहे. तिच्या शाळेला यंदा पन्नास वर्षं झाली. छब्बीस जानेवारीच्या मिरवणुकीत चालता रणगाडा काढायचं ठरलं आहे, आणि तो आमच्या वर्कशॉपमध्ये बनतो आहे. खऱ्याच्या निम्म्या मापाचा, तीन मीटर लांब. इंजिन आणि गिअरपेटी पॉवर टिलरची, तोफ म्हणजे बोअरचा पाईप. वजन नऊशे किलोच्या आसपास जाईल.

कल्पना तिगावच्या शालिकभाऊंची. शालिकराम अकरा वर्षं सैन्यात रणगाडा चालवत होते. मुदतीआधीच मेडिकल कारणावरून घरी आले, त्यालाही आता सहा वर्षं झाली. नकाशे त्यांनीच काढून दिले, इतके नेटके की मला लाज वाटली. मिरवणुकीत चालवणारही तेच. तिगावातून रणगाड्यांच्या पलटणीत गेलेला हा पहिला माणूस, आणि गावानं त्यांना रणगाड्यावर कधी पाहिलेलंच नाही. त्यांना या एका दिवसाची किती ओढ आहे ते त्यांच्या नकाशातल्या रेघांवरूनही कळतं.

सांगाडा उभा आहे. राहिलीत ती मागची दोन दातेरी चाकं, दोन्ही बाजूंना एकेक. पुस्तकात स्प्रॉकेट, आमच्याकडे गरारी. इंजिनाची ताकद पट्ट्यापर्यंत जाते ती हिच्याच दातांतून. थांबायचं तेही हिच्याच भरवशावर, कारण ब्रेक आत गिअरपेटीच्या दांड्यावर आहे.

या वेळी झाकण मागे ठेवायचं नाही. असं काहीही मागे ठेवायचं नाही.


बुधवार, ७ जानेवारी

शालिकभाऊ आणि त्यांच्या पत्नी वत्सलाताई सकाळच्या बसनं आले. त्यांची फटफटी विकली म्हणे. कुठंही दोघं सोबतच जातात.

दादाजी गरारीचे दात घासत बसले होते. दादाजी आमचे फिटर, वय सहासष्ट. बी.एस्सी. होऊन दोन वर्षं रिकामा फिरत होतो तेव्हा त्यांनी मला कानस धरायला शिकवलं. मी मालक झालो तरी ते मला 'बीएस्सी'च म्हणतात.

"गरारी मांगंच पायजे हं, भूपेंद्रभाऊ," शालिकभाऊ म्हणाले. "आमच्या गाडीले मांगंच होती. पुढं लावली का मंग तो रणगाडा नाई, खेळणं झालं."

"खेळणंच होय न, भाऊ," दादाजी मान वर न करता बोलले. "कोनती सीमेवर न्यायची हाये? बसस्टँडवरून वळवून आनायची."

"दादाजी, तुमी कधी रणगाड्यात बसले का?"

"मी आजवर सासऱ्याच्या जीपमंदी नाई बसलो बापा."

सगळे हसलो. मग शालिकभाऊ उतारावर गाडी कशी आवरायची ते सांगू लागले आणि वाक्याच्या मध्येच थांबले. नजर माझ्या खांद्यावरून मागे कुठं तरी. डाव्या हाताची बोटं शर्टाचं बटण चाचपत राहिली. वत्सलाताईंनी त्यांच्या दुसऱ्या हातातला चहाचा कप अलगद काढून घेतला आणि खाली ठेवला. अर्ध्या मिनिटानं ते म्हणाले, "तं काय म्हणत होतो मी?"

जुन्या आठवणी असतात माणसाच्या. मी दुसरीकडे पाहिलं. अशा वेळी पाहत राहणं बरं नव्हे.

जाताना वत्सलाताईंनी पिशवीतून गोळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. "बी.पी.ची हाये," त्या मला म्हणाल्या. मी विचारलं नव्हतं.


शनिवार, १० जानेवारी

सौसरला गेलो. आमची खरादाची, म्हणजे लेथवरची, सगळी कामं तिथल्या खरादवाल्याकडे होतात.

गरारी दांड्यावर बसवायची आमची एक रीत आहे. दांडा आणि गरारी यांच्यामधल्या खाचेत लोखंडी पाचर, म्हणजे चावी, ठोकत बसत नाही. गरारीच्या भोकात आणि दांड्यावर जाड आटे पाडायचे आणि नटासारखी ती फिरवून बसवायची. मशीन चालू लागलं की गरारी आपसूक कसत जाते, जितकं काम जास्त तितकी घट्ट. वीस वर्षांत आमची एकही गरारी सुटलेली नाही. दादाजींना याचा फार अभिमान आहे, आणि मलाही.

रणगाड्याला दोन बाजू, आणि दोन्हीकडच्या गराऱ्या आपापल्या बाजूला बाहेर उभं राहून पाहिल्या तर उलट्या दिशेनं फिरतात. म्हणून उजव्या बाजूला उलटे आटे सांगितले. खरादवाला म्हणाला, "उलटे आटे कायले जी? मले एवढ्या वर्षांत कोनी नाई सांगितले."

मी कागदावर बाण काढून समजावलं. तो म्हणाला, "मानलं बुवा." परतीच्या वाटेवर रामाकोन्यापर्यंत मी स्वतःवर खूश होतो. हे लिहून ठेवतो, कारण खूश असण्याची मला अलीकडे भीती वाटते.


मंगळवार, १३ जानेवारी

गराऱ्या बसल्या. दिवसभराचं काम.

दादाजींनी प्रत्येक दाताला खडू फासला, पट्टा हातानं एक फेरा फिरवला आणि खडू कुठं पुसला गेला ते पाहिलं. डावीकडे तेराही दात सारखे पुसले. उजवीकडे पाचव्या दाताचा खडू तसाच राहिला, सहाव्याचा पार उडालेला. म्हणजे सहावा अर्धा मिलिमीटर चढा. कानस, परत खडू, परत फेरा. चार वेळा. शेवटी दादाजींनी पट्टा फिरवत फिरवत कान लावला. पट्ट्या दातावर बसताना टक टक टक असा एकसारखा आवाज आला.

"ऐक बीएस्सी. घड्याळ हाये घड्याळ."

पट्टा आमच्या ग्रेडिंग मशीनच्याच साखळीचा, वर लोखंडी पट्ट्या बोल्ट केलेल्या. प्रणाली शाळेतून थेट इथं आली आणि प्रत्येक पट्टी मोजली. एका बाजूला बावन्न. "बाबा, ह्याच्याखाली नारळ आला तर?" तिनं विचारलं. "फुटेल," मी म्हणालो. तिला ते फार आवडलं.


बुधवार, १४ जानेवारी

बायकोनं, दिपालीनं, वर्कशॉपमध्ये सगळ्यांसाठी तिळगूळ पाठवला. शालिकभाऊ आत बसून गाडी वळवायच्या हातदांड्यांची उंची पाहत होते. वरचं झाकण उघडलं की त्यांचे खांदे आणि डोकं तेवढं बाहेर दिसतं. उजव्या हाताच्या पंजाला पट्टी होती. चहा गाळताना भाजलं म्हणाले.

वत्सलाताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊ, हे बाहेरून बंद कराले येते का? म्हणजे मांगून कोनी चालत राह्यलं, अन् त्यानं बटन दाबलं, तं थांबन असं?"

मी म्हटलं, करता येईल, डिझेलच्या नळीला तार लावून. पण मिरवणुकीत कुणीही पोरगं ओढेल आणि गाडी भर चौकात बंद पडेल.

"पडली तं पडली."

तेवढ्यात शालिकभाऊंनी ऐकलं. आतूनच म्हणाले, "वत्सला, अकरा वर्षं चाळीस टनाची गाडी चालवली म्या. मांगं कोनी तार धरून नव्हतं चालत."

तारेचा विषय मी सोडला. त्यांचा अपमान झाला असता हे एक, आणि दुसरं, प्रामाणिकपणे लिहायचं तर, मलाही थोडा राग आला होता. माझ्या कामावर बाईंचा विश्वास नाही असं वाटलं. लोधीखेड्याची गोष्ट तिगावपर्यंत गेली असणारच.


शनिवार, १७ जानेवारी

क्रमानं लिहितो.

सकाळी साडेनऊला पहिली चाचणी. वर्कशॉपमागच्या मोकळ्या जागेत. शालिकभाऊंनी गाडी शेडमधून मागे घेत बाहेर काढली, इतकी सफाईनं की दादाजींनी टोपी काढून हातात घेतली. मग दोन गोल फेऱ्या. वळणं, थांबणं, परत निघणं, सगळं ठीक. शालिकभाऊंचा चेहरा असा होता की मी फोटो काढायचा विसरलो.

तिसऱ्या फेरीत गाडी वळणावर वळली नाही. सरळ निघाली, चालण्याच्या वेगानं, विटांच्या थप्पीकडे. थप्पीच्या बाजूला दिपाली आणि प्रणाली उभ्या होत्या. मी ओरडलो. शालिकभाऊंचं डोकं वळलं नाही. वत्सलाताई माझ्याआधी धावल्या होत्या, ओरडण्याच्याही आधी, हे आत्ता लिहिताना आठवतं. त्यांनी प्रणालीला दंडाला धरून खेचलं. गाडी थप्पीत घुसली, शंभरेक विटा खाली आल्या, आणि पट्टे तिथल्या तिथं मातीत फिरत राहिले. दादाजींनी मागून डिझेलचा कॉक बंद केला तेव्हा थांबले.

कुणाला काही लागलं नाही. प्रणालीच्या दंडावर पाच बोटांचे वळ आहेत, तेवढेच.

शालिकभाऊ आत बसूनच होते. ओठ चावल्यासारखे हलत होते. बोटं बटणावर. दादाजींनी हाक मारली, तीनदा. मग त्यांनी विटांकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि बऱ्याच वेळानं म्हणाले, "ब्रेक लागला नाई."

धक्का बसलेला माणूस. रंग राखेसारखा. वत्सलाताईंनी त्यांना उतरवून पाणी पाजलं आणि माझ्याकडे एकदा पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला कळला नाही. आरोप असेल तर तो योग्य आहे. ब्रेक मी बसवला. गरारी मी बसवली.


रविवार, १८ जानेवारी

सापडलं!

सकाळी सहापासून सगळं खोललं. ब्रेकचे पट्टे चांगले, तार चांगली, गिअरपेटी ठीक. शेवटी दुपारी दोनला गराऱ्या. हातानं हलवली तर डावी दीड फेरा सैल. उजवी जवळजवळ दोन.

किती साधी गोष्ट. पुढे जाताना गरारी कसते हे खरं. पण मागे जाताना ती सैल होणारच. आणि ब्रेक दाबला की दांडा थांबतो, चाक पुढे ओढत राहतं, तेव्हाही सैलच. आमच्या ग्रेडिंग मशीनला रिव्हर्स नसतो. संत्री एका तोंडानं चढतात, दुसऱ्या तोंडानं पडतात. वीस वर्षांत आम्ही उलटं फिरणारं एकही यंत्र बनवलेलं नाही, म्हणून दोघांच्याही डोक्यात आलं नाही. उजवीकडचे उलटे आटे करून मी शहाणा समजत होतो!

दादाजींनी गरारी हातात फिरवून पाहिली आणि हसू लागले. "आपल्या मशिनीनं कधी मांगं पाह्यलंच नाई न बापा."

मग हसता हसता थांबले. "पन बीएस्सी, गरारी सैल होती तं मंग विटांत पट्टा कसा फिरत राह्यला?"

मी म्हटलं, पुढे जोर आला की परत कसते.

"हव. अन् इंजनाचा आवाज? ब्रेक दाबला असता तं आवाज बसला असता. म्या मांगंच होतो. आवाज जसाच्या तसा."

"गडबडीत लक्षात आलं नसेल."

"मायं?" दादाजी म्हणाले. चाळीस वर्षं आवाजावर यंत्रं दुरुस्त करणारा माणूस. पण ते परत गरारी पुसू लागले, नि मीही पाना उचलला.

खरं सांगायचं तर मला दुपारपासून इतकं हलकं वाटतं आहे की लाज वाटावी. चूक सापडली, ती माझी आहे, आणि ती कुणी दाखवायच्या आधी मी शोधली. ऑक्टोबरात हेच करायला हवं होतं.


सोमवार, १९ जानेवारी

तिगावला जाऊन चूक सांगून आलो. फोनवर सांगणं बरं दिसलं नसतं.

घर छोटं, स्वच्छ. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली रणगाड्यावर उभ्या असलेल्या पंचविशीतल्या शालिकभाऊंचा फोटो. शालिकभाऊ खाटेवर बसून होते. दोन दिवसांची दाढी वाढलेली. मी आट्यांचं सगळं समजावलं. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"म्हणजे गाडीचीच चूक होती?"

"गाडीची म्हणजे माझी, शालिकभाऊ."

"म्या ब्रेक दाबला होता, पन गाडी थांबली नाई. असंच न?"

"असंच."

"पक्कं?"

"गरारी दीड फेरा सैल होती. स्वतःच्या हातानं पाहिली."

त्यांनी डोळे मिटले. मग उठून माझे दोन्ही हात धरले आणि सोडेनात. एवढा मोठा माणूस, माझ्या चुकीमुळे दोन रात्री झोपला नव्हता. "वत्सला," ते मोठ्यानं म्हणाले, "आयकलं का? मशीनची गलती होती. तू काय काय इचार करत बसली होती."

वत्सलाताई दारात उभ्या होत्या. तशाच आत गेल्या. नंतर त्या चहाची किटली घेऊन आल्या आणि शालिकभाऊ ओतायला पुढे झाले तेव्हा मी म्हटलं, तुमचा हात भाजला आहे, मी ओततो. वत्सलाताई म्हणाल्या, "चुलीजवळ मी त्याईले जाऊच देत नाई आता. इहिरीवर बी नाई." चांगली काळजी घेतात.

घरी आल्यावर दिपालीला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दुनियेत कोठी काई बिघडलं का ते तुमच्याच हातानं. दुसऱ्याले बी थोडं बिघडवू देत जा न कधी."

तिला वाटतं मी स्वतःला उगाच छळतो. छळत नाही. उलट फार दिवसांनी पोटभर जेवलो.


बुधवार, २१ जानेवारी

सौसर. दोन्ही दांड्यांत आणि गराऱ्यांत चावीचे गाळे पाडून घेतले. खरादवाला म्हणाला, "मंग ते उलटे आटे?" मी म्हटलं, राहू द्या, चुकलो होतो. तो म्हणाला, मालकाच्या तोंडून हा शब्द त्यानं पहिल्यांदा ऐकला.

दुपारी बसवलं. चावी ठोकली, बाहेरून नट, नटातून आरपार खिळा. आता पुढे, मागे, उतार, ब्रेक, काहीही होवो, गरारी दांड्यापासून सुटणार नाही. हे मी छातीवर हात ठेवून लिहू शकतो.


गुरुवार, २२ जानेवारी

दुसरी चाचणी. आठ फेऱ्या. मागे, पुढे, जागच्या जागी वळण. मी मुद्दाम शालिकभाऊंना बारा वेळा थांबायला लावलं. बारा वेळा गाडी वीतभरात थांबली. शाळेच्या मोठ्या बाई अमिता मॅडम आल्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या. शालिकभाऊंनी आतून सलामी दिली, तेव्हा दादाजींनी नाक शिंकरलं आणि धुळीला शिव्या दिल्या.

सगळे गेल्यावर वत्सलाताई फाटकाशी थांबल्या होत्या. शालिकभाऊ पुढे बस पाहायला गेले होते.

"भाऊ, एक आयकता का? त्याईले सांगा, गाडी तयार नाई. अजून काई मोडलं म्हना."

मी म्हटलं, "ताई, गाडी एकदम तयार आहे. तुम्ही पाहिलंत ना आत्ता."

"म्या पाह्यलं. म्हनूनच म्हणून राहिली. नाई तं मंग सांगा का दादाजी चालवतीन. शाळेनं सांगितलं म्हना. तुमचं ते आयकतीन. मायं नाई आयकत."

"पण कारण काय सांगू?"

त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. शालिकभाऊ पाठमोरे उभे होते. "कारण नका इचारू. म्या शब्द देऊन बसली त्याईले. काई बी सांगा. मशीनचं सांगा. तुमाले मशीनचं समजते, तुमी काई बी सांगसान तं ते मानतीन."

"खोटं सांगू?"

"हव."

मी नाही म्हटलं. सौम्यपणे, पण नाही म्हटलं. एकदा गप्प राहून खोटं बोललो होतो, लीलाबाईंच्या वेळी, आणि त्याचं काय झालं ते मला ठाऊक आहे. ठीक असलेल्या गाडीला मोडकी म्हणायचं, आणि तेही त्या माणसाला, ज्याच्या आयुष्यातला हा एक दिवस आहे? वत्सलाताईंची भीती मी समजू शकतो. त्यांनी विटा पडताना पाहिल्या. पण भीतीवर खोटं हा उपाय नाही. मी त्यांना गरारीजवळ नेऊन चावी आणि खिळा दाखवला. त्या पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, "लोखंड पक्कं केलं भाऊ तुमी. लोखंड पक्कं हाये."

बस आली. दोघं गेले.

संध्याकाळभर अस्वस्थ आहे. त्यांनी शब्द कसला दिला असेल? नवराबायकोत काहीतरी असेल, त्यात मी पडावं की नाही? शालिकभाऊंना सरळ विचारावं असं दोनदा मनात आलं. काय विचारणार? तुमची बायको तुमच्या पाठीमागे काय म्हणाली ते? तेही बरं नव्हे. असं वाटतं की समोर काही तरी ठेवलेलं आहे आणि मला दिसत नाही. मग असंही वाटतं की हे ऑक्टोबरनंतरचं माझं नेहमीचं आहे. सगळं ठीक असलं की मला भीती वाटते.


शनिवार, २४ जानेवारी

सकाळी अमिता मॅडमनी शाळेत बोलावलं. मिरवणुकीची रचना ठरवायची होती. दादाजीही सोबत.

आधी रणगाडा सगळ्यात शेवटी होता. आता तो सर्वांच्या नजरेत यावा म्हणून मध्ये घेतला आहे, आणि त्याच्या पुढे तिसरीच्या चोवीस मुली, सहा-सहांच्या चार रांगा, हातात झेंडे. फोटोत मुली आणि रणगाडा एकत्र यायला हवेत, म्हणून जवळ चालवायच्या.

"किती जवळ चालेल?" मॅडमनी विचारलं. "मला काही समजत नाही त्यातलं. तुम्ही म्हणाल तसं. तुम्ही लेखी दिलं तर पालकांनाही दाखवता येईल."

दादाजी म्हणाले, "लांब ठेवा बाई. पंधरावीस पावलं. ढोरासारखी चीज हाये ती."

मला ते पटलं नाही. भीतीनं काम करायचं की हिशेबानं? चालण्याच्या वेगाला गाडी वीतभरात थांबते, बारा वेळा पाहिलं आहे. पाच पावलं म्हणजे गरजेपेक्षा कितीतरी जास्त. मी तसं सांगितलं आणि तिथंच पत्र लिहून दिलं: चाकं, पट्टे, ब्रेक यांची तपासणी स्वतः केली आहे, गाडी पूर्ण सुरक्षित आहे. खाली नाव, सही. लोधीखेड्याला मी कुठल्याच कागदावर सही केली नव्हती.

बाहेर आल्यावर दादाजींनी सायकलचं कुलूप काढलं. मग म्हणाले, "बीएस्सी, शालिकले कधी फटफटीवर पाह्यला का तुवं?"

"विकली त्यांनी."

"कायले विकली?"

"मला काय माहीत, दादाजी."

"मले बी नाई माहीत," ते म्हणाले. "इचारलं पायजे होतं आपुन." आणि सायकल ढकलत घरी गेले. वय झालं आहे त्यांचं, आताशा साध्या गोष्टीतही शंका काढतात.

दुपारी तिगावहून वत्सलाताईंचा फोन येऊन गेला होता, मी वर्कशॉपमध्ये मशीनच्या आवाजात होतो, ऐकू आला नाही. परत लावला तर शालिकभाऊंनी उचलला. आवाज फार आनंदी. गणवेश इस्त्री करून ठेवला आहे, जुने बूटही पॉलिश केले. म्हणाले, उद्या सकाळच्या बसनं येतो, शाळेच्या मैदानावर मुलींसोबत एकदा रंगीत तालीम करू. वत्सलाताईंना फोन द्या म्हटलं तर म्हणाले, त्या झोपल्या आहेत, त्यांचं डोकं दुखतं आहे.

प्रणाली पहिल्या रांगेत आहे, मधोमध. तिच्या वर्गात ती सगळ्यात सरळ चालते म्हणून. शाळेतून आल्यापासून अंगणात झेंडा घेऊन चालून दाखवते आहे. मागे वळून पाहायचं नाही, असं बाईंनी बजावलं आहे, आणि ती खरंच एकदाही मागे पाहत नाही.

उद्या: सकाळी आठच्या आत मैदानावर रणगाड्याच्या पुढे पाच पावलं मोजून मुलींच्या शेवटच्या रांगेसाठी चुन्याची रेघ मारणे.